पडद्याची जागा कपाटाशेजारी

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री आणि मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



दोन खात्यांना मिळून एकच पत्र लिहिण्याची रीत नाही. असे पत्र पहिल्या टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे ‘पुढील कार्यवाहीसाठी’ जाते आणि दुसऱ्याकडून पहिल्याकडे ‘अभिप्रायासाठी’ परत येते. तो धोका पत्करून हे पत्र आपणा दोघांना उघडपणे लिहावे लागत आहे, कारण विषयच या दोन टेबलांमधल्या फटीत पडलेला आहे. राज्यातली सार्वजनिक ग्रंथालये उच्च व तंत्रशिक्षण खात्याच्या अखत्यारीत येतात. मराठी चित्रपटांना मिळणारे अर्थसाहाय्य सांस्कृतिक कार्य खात्यातून जाते. गंमत अशी की दोन्ही खाती आपापल्या लाभार्थींना मुळाक्षरांनीच ओळखतात. ग्रंथालयांचे वर्ग अ, ब, क, ड आणि चित्रपटांचे दर्जे अ, ब. पैसा दोन्हीकडे एकाच तिजोरीतला, तरी अ दर्जाचा चित्रपट आणि ड वर्गाचे वाचनालय यांची कधी गाठ पडत नाही. ती पाडावी, एवढेच मागणे आहे. राज्याचे अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मराठी चित्रपटाने प्रदर्शनानंतर दोन वर्षांनी, शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांना तो विनातिकीट दाखवण्याचा हक्क द्यावा. आणि ग्रंथालयांना तो दाखवता येईल इतकी साधने तालुक्याच्या गावी तरी असावीत.

आधी वाचनालयाकडे पाहू, कारण मंत्रालयातून दिसणारे वाचनालय आणि गावातले वाचनालय यांत अंतर आहे. मंत्रालयातून दिसते ती दाखलनोंदवही, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षकाचा दाखला. गावात दिसते ती ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या आवारातली एक खोली, चार-सहा लोखंडी कपाटे आणि एक लांब टेबल. सकाळी वर्तमानपत्रे येतात आणि तासाभरात एकाच पेपरची पाने सुटी होऊन चार हातांत जातात. दुपारी कुलूप. संध्याकाळी देवघेव. पोलीस भरतीची आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारी मुले आपापली पुस्तके घेऊन येतात आणि वाचनालयाचे फक्त टेबल आणि पंखा वापरतात. दिवाळीनंतर दोन-तीन महिने दिवाळी अंकांची राजवट असते. कायद्यातला शब्द ‘ग्रंथालय’ असला तरी लोक ‘वाचनालय’ म्हणतात, आणि खरे सांगायचे तर त्यांतले बरेच जण ग्रंथासाठी येण्यापेक्षा बसण्यासाठी येतात. यात काही कमीपणा नाही. गावात पार असतो, हॉटेल असते, पक्षाचे कार्यालय असते. पण काही विकत न घेता, कुणाचा गट न सांगता, बाईमाणसालाही संकोच न वाटता जिथे तासभर बसता यावे अशी छपराखालची सार्वजनिक खोली बहुधा हीच असते. तिच्यात बसायला येणाऱ्या माणसाला पुढे काय मिळते, हा ग्रंथालय धोरणाचा खरा प्रश्न असायला हवा होता. त्याऐवजी आपण कपाटात किती दाखल झाले ते मोजत आलो.

पैशाचे गणितही एकदा मांडून ठेवू. १९६७चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आणि त्याखालचे १९७०चे अनुदान नियम यांच्या आधारावर राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालये उभी आहेत. ग्रामपंचायती सुमारे २८ हजार, म्हणजे निम्म्याहून अधिक ग्रामपंचायतींच्या वाट्याला मान्यताप्राप्त वाचनालय नाहीच. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ या राज्यांनी मालमत्ताकराबरोबर ग्रंथालय उपकर लावला. महाराष्ट्राने तो लावला नाही. त्यामुळे आपली ग्रंथालये दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या मर्जीवर चालतात. २०२२-२३ मध्ये परिरक्षण अनुदान ६० टक्क्यांनी वाढले, तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३० हजार रुपये ४८ हजार झाले. टक्केवारी मोठी, रक्कम मात्र महिन्याला चार हजार. त्यातला निम्मा पैसा ग्रंथपालाच्या पगारासाठी आणि उरलेला पुस्तके, नियतकालिके, वीज, बांधणी, झाडलोट यांसाठी. म्हणजे ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार. पुढे आणखी टक्के वाढले तरी या गणिताचा साचा बदलत नाही. तेव्हा गावच्या वाचनालयाने स्वतःच्या हिमतीवर चित्रपट आणावा, यंत्र घ्यावे, परवानगीचा पत्रव्यवहार करावा असे कुणी म्हणत असेल तर तो विनोद आहे.

आता दुसरे टेबल. दर्जेदार मराठी चित्रपटाला राज्य लाखो रुपयांचे अनुदान देते आणि ते द्यायलाच हवे. या भाषेतल्या चित्रपटाचे आर्थिक क्षेत्र हिंदीच्या सावलीत आहे, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. पण अनुदानाचा विचार चित्रपट पूर्ण होण्यापाशी थांबतो. पुढचा सगळा झगडा मुंबई-पुण्याच्या मल्टिप्लेक्सांतल्या पडद्यांसाठी चालतो. २०१५ मध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइमचे खेळ मिळण्याचा प्रश्न पेटला आणि शासनाने नियम केला, तोही अशा पडद्यांसाठी ज्यांचे तिकीट गावातल्या मजुराच्या दिवसाच्या मजुरीशी स्पर्धा करते. तालुक्याची एकपडदा टॉकीज कधीच मंगल कार्यालय झाली, जत्रेतला तंबू विरळ झाला. उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीने पाच वेळा मिळवला आहे: ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ (हा विभागून), ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. यांतला ‘देऊळ’ तर गाव आणि देवस्थान यांच्या नात्यावरच आहे. ज्या गावांची ही गोष्ट आहे त्यांतल्या किती गावांनी तो चार माणसांत बसून, पडद्यावर पाहिला असेल? उत्तर आपल्या दोघांपैकी कुणाच्याच खात्यात नोंदलेले नसणार, कारण चित्रपट कुठवर पोहोचला हे मोजण्याचे काम कुणाकडेच दिलेले नाही.

वाचनालयात चित्रपट ही कल्पना ऐकून काहींना ती परदेशी टूम वाटेल. तिचे मूळ आपल्याच इतिहासात आहे आणि ते थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा महाराज झाला. त्या सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेच्या दौऱ्यात तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्याला आणून स्वतंत्र ग्रंथालय खातेच उघडले. बॉर्डन तीन वर्षांत परत गेला. पुढे ते खाते चालवणाऱ्यांत ज. स. कुडाळकर हे मराठी गृहस्थ प्रमुख होते. या खात्याने गावच्या वाचनालयांचा खर्च तिघांत वाटला: एक वाटा गावाचा, एक प्रांत पंचायतीचा, एक दरबाराचा. ज्या गावांना तेवढेही जमत नव्हते त्यांच्यासाठी पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत्या ठेवल्या. आणि ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठी याच ग्रंथालय खात्यात दृश्य शिक्षणाची शाखा काढली, तिच्यामार्फत जादूच्या कंदिलाची चित्रे आणि चलच्चित्रे गावोगाव फुकट दाखवली जाऊ लागली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा, आणि बडोद्याचे ग्रंथालय खाते चित्रपट दाखवायच्या तयारीला लागले तो काळही साधारण तोच. म्हणजे भारतीय चित्रपट पाळण्यात होता तेव्हाच एका मराठी राजाच्या ग्रंथपालांनी त्याला पुस्तकाच्या कपाटाशेजारी जागा देऊन टाकली होती. त्यामागचा हिशेब साधा होता. वाचनालयाच्या दारात माणूस यायला हवा. तो आला की पुस्तक त्याच्या हाती देण्याची संधी मिळते. आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही करदाता म्हणून त्या खोलीवर हक्क आहे. ग्रंथालयाचा कायदा भारतात सर्वांत आधी कुणी केला तर तोही कोल्हापूर संस्थानाने, १९४५ मध्ये. आपल्याकडे कल्पनांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा झाला तो त्या पुढे चालवण्याचा.

पहिला आक्षेप वाचनप्रेमींचाच असतो आणि तो मनापासून असतो. आधीच वाचन कमी होत चालले आहे, त्यात उरलीसुरली खोलीही पडद्याला दिली तर पुस्तके कोण वाचणार? या आक्षेपात चित्रपट आणि पुस्तक एकमेकांच्या ताटातले खातात असे गृहीत धरले आहे. मराठीचा अनुभव तसा नाही. ‘कुंकू’ ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ वरून आला, ‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून, ‘उंबरठा’ शांता निसळांच्या ‘बेघर’ वरून, ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या एक सोडून दोन कादंबऱ्यांवरून, ‘बनगरवाडी’ व्यंकटेश माडगूळकरांवरून, ‘नटरंग’ आनंद यादवांवरून, ‘शाळा’ मिलिंद बोकीलांवरून. या भाषेतल्या चांगल्या चित्रपटांचा मोठा हिस्सा कपाटातून निघालेला आहे. ते कपाटाशेजारी दाखवले गेले तर प्रेक्षकाला परतीची वाट सापडते, आणि ही वाट टॉकीजमध्ये नसते, मोबाइलमध्येही नसते. टॉकीजच्या दारात बाहेर पडताना समोसा मिळतो, कादंबरी मिळत नाही. वाचनालयात ‘बनगरवाडी’ संपल्यावर दिवे लागतात तेव्हा ती कादंबरी चार पावलांवर असते, आणि ती फार जाडही नाही. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर आलेला तो तरुण मास्तर, तालमीची इमारत, शेवटी दुष्काळाने रिकामी होणारी वस्ती, हे सगळे पाहून झालेल्या माणसाला पुस्तक उघडताना धाक वाटत नाही. ज्याला मोठ्या पुस्तकाची भीती वाटते त्याला आत नेण्यासाठी याहून स्वस्त उपाय निदान मला सुचत नाही. उलट वाटही आहे. ‘सिंहासन’ पाहून साधूंच्या दोन्ही कादंबऱ्या वाचणाऱ्याला कळते की चित्रपटाने काय घेतले आणि काय सोडले, आणि का सोडले असावे. वर्गात समीक्षा शिकवतात ती याहून वेगळी नसते.

मात्र यातली अडचणही लपवून चालणार नाही. छोट्या वाचनालयात ‘बनगरवाडी’ची एकच प्रत असते, तीही बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरी. चित्रपट पाहून तीस माणसे उठली आणि प्रत एक, तर उत्साह आठ दिवसांत विरतो. म्हणून मागणी नुसत्या चित्रपटाची नाही, पेटीची आहे. एका पेटीत एक चित्रपट आणि तो ज्या पुस्तकावरून आला त्याच्या दहा-पंधरा प्रती. महिना-दीड महिना गावात राहून पेटी पुढच्या गावी जावी. बडोद्याच्या फिरत्या पेट्याही अशाच कामी आल्या. आजच्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पुस्तकांच्या पेट्या घराघरांत आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांतही पोहोचल्या आहेत. तालुका अ वर्गाच्या ग्रंथालयाला पेटीचे आणि पडदा-प्रोजेक्टर संचाचे आगार करावे. गावागावात यंत्र विकत घ्यायला निघालो तर ड वर्गाचे वर्षाचे अनुदान त्यातच संपेल आणि दोन वर्षांत ते यंत्र धूळ खाईल. तालुक्यात एकच संच फिरता ठेवला, त्याबरोबर तो जोडणारा एक माणूस ठेवला, तर पुरते. १९७०च्या नियमांच्या नावातच ‘इमारत व साधनसामग्री’ हे शब्द आहेत. या खर्चाला नवे शीर्ष शोधत बसायची गरज पडू नये.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना वाचनालयात जाऊन चित्रपट कोण पाहणार? नवा गाजणारा चित्रपट पाहायला कुणी येणार नाही, हे मान्यच करावे. वाचनालयाने त्या शर्यतीत पडूही नये. पण मोबाइलवर सगळे मिळते हा समज मराठीच्या बाबतीत फारच उदार आहे. जुन्या चित्रपटांची निम्मीशिम्मी, कातरलेली, जाहिरातींनी भोसकलेली रूपे मिळतात, आणि कालपरवाचा पुरस्कारप्राप्त चित्रपट ज्या मंचावर असतो त्याची वर्गणी घरात कुणी भरलेली नसते. शिवाय मोबाइल हा घरातल्या एका माणसाचा असतो, आणि तो माणूस बहुधा आजी नसते. एकत्र पाहण्याची गोष्टही वेगळीच आहे. प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून मुंबईत जे करत आले, पाहणे आणि पाहून बोलणे, त्याचा गावठी अवतार वाचनालयातच शोभेल. ‘उंबरठा’ एकट्याने मोबाइलवर पाहिला तर तो एका बाईचा प्रश्न राहतो. गावातल्या पंचवीस बायकांनी एका खोलीत पाहिला तर त्यानंतरचे बोलणे थांबवणे ग्रंथपालाला जड जाईल. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्याने १९९४ मध्येच म्हटले आहे की संग्रहात पारंपरिक साहित्याबरोबर सर्व योग्य माध्यमे असावीत. आपल्या वर्गवारीच्या निकषांत मात्र अजून ग्रंथ आणि नियतकालिके यांचीच मोजदाद आहे.

कायद्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण इथेच शासनाशिवाय गत्यंतर नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने ना-नफा ग्रंथालयाला एक मोकळीक दिली: रीतसर घेतलेली चित्रपटाची प्रत ना-नफा तत्त्वावर सभासदाला घरी देणे हे ‘व्यापारी भाड्या’त मोडत नाही. पण घरी देणे निराळे आणि खोलीत चार लोकांना दाखवणे निराळे. जाहीर खेळासाठी हक्कधारकाची परवानगी लागते, मग तिकीट असो वा नसो. हौशी मंडळांना नाटक-गाण्याच्या विनामूल्य प्रयोगासाठी कायद्यात जी सवलत आहे ती चित्रपटापर्यंत नीट येत नाही. चित्रपटाचा प्रताधिकार साठ वर्षांनी संपतो, म्हणजे १९३६चा ‘संत तुकाराम’ असो की १९५३चा ‘श्यामची आई’, त्यांची मुदत संपून गेली आहे. तिथे प्रश्न चांगल्या प्रतीचा आहे, आणि त्यासाठी पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी राज्याने बोलावे, एकेका वाचनालयाच्या कार्यवाहाने नव्हे. उरलेल्या चित्रपटांसाठी प्रत्येक गावाने प्रत्येक निर्मात्याला पत्र लिहिणे अशक्य आहे, आणि न विचारता दाखवणे ही चोरी आहे; ग्रंथालयाने तरी ती करू नये. अनुदानाच्या अटींत एक वाक्य घातले की हा गुंता सुटतो. दुसरे एक परिपत्रक गृह खात्याला सांगून काढून घ्यावे: तीस-चाळीस खुर्च्यांच्या खोलीतल्या फुकट खेळाला १९५३च्या चित्रपटगृह नियमन कायद्याखाली टॉकीजसारखा परवाना मागू नये. नाहीतर पहिल्याच खेळाला कुणीतरी उत्साही हवालदार येईल.

निर्माते म्हणतील, आमच्या पोटावर पाय का? शंका रास्त आहे. अनेक मराठी निर्माते घर गहाण ठेवून चित्रपट करतात, आणि दूरचित्रवाणी वाहिनीला किंवा ओटीटीला हक्क विकताना एकाधिकार मागितला जातो हेही खरे. म्हणूनच अट आधीपासून माहीत असायला हवी. चित्रपट विकून झाल्यावर मागाहून लादता येणार नाही. ती फक्त नव्या अनुदानांना लागू असावी, दोन वर्षांचा अवधी असावा, खेळ मान्यताप्राप्त ग्रंथालयाच्या आवारातच व्हावा, तिकीट नसावे, प्रत ग्रंथालय संचालनालयाच्या ताब्यात कुलूपबंद स्वरूपात असावी. इतके केल्यावर करार करणाऱ्या वाहिनीला हा अपवाद सोडायला फारसे जड जाऊ नये, कारण ज्या खोलीतला प्रेक्षक तिच्या वर्गणीदारांत नव्हताच तो तिने गमावण्याचा प्रश्न येत नाही. ज्यांना ही अट नको त्यांनी अनुदान घेऊ नये. सार्वजनिक पैशावर झालेल्या रस्त्यावरून सर्वांना चालता येते. सार्वजनिक पैशाने झालेला चित्रपट तरी दोन वर्षांनी सर्वांना पाहता यावा, ही अपेक्षा फार नाही. जुन्या अनुदानित चित्रपटांसाठी मात्र सक्ती नको. राज्याने त्यांच्या निर्मात्यांकडून हे मर्यादित हक्क रीतसर विकत घ्यावेत. त्यांनाही चार पैसे मिळतील, आणि तेही अशा चित्रपटाचे ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते.

सगळ्यांत अवघड आक्षेप ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा आहे. आधी पगार, मग पडदा. महिन्याला दोन हजारांवर काम करणाऱ्या माणसाला आणखी एक संध्याकाळ द्यायला सांगणे हे निर्लज्जपणाचे आहे, आणि या पत्रातली मागणी त्या निर्लज्जपणाला हातभार लावत असेल तर ती मागे घ्यावी. पगार आणि पडदा यांतले एकच होणार असेल तर पगारच व्हावा. पण असा एकच पर्याय असल्याचे कुठे दिसत नाही. दोन खाती, दोन अंदाजपत्रके. पेटीचा आणि संचाचा खर्च सांस्कृतिक कार्य खात्याने उचलावा, कारण शेवटी तो त्याच्याच चित्रपटांच्या वितरणाचा खर्च आहे, आणि प्रत्येक खेळामागे ग्रंथपालाला ठरावीक मानधन त्याच शीर्षाखाली द्यावे. दुसरे असे की ज्या कामाला लोक येतात त्या कामाच्या पगारासाठी लोक बोलतात. वर्षानुवर्षे ग्रंथालय संघटनांनी मोर्चे काढले तरी गावाने त्यांची बाजू घेतल्याचे दृश्य दुर्मीळ, कारण गावाला ग्रंथपाल दिसतच नव्हता.

बोगस ग्रंथालयांचा मुद्दा निघणार, तो निघायलाही हवा. २०१२ मध्ये राज्यभर पडताळणी झाली, त्रुटी निघाल्या, आणि त्यानंतर दीर्घकाळ नवी मान्यता व वर्गबदल थांबून राहिले. दोषी थोडे होते की बरेच, यावर वाद घालता येईल. शिक्षा मात्र सरसकट सगळ्यांना झाली, ज्या गावात वाचनालयच नव्हते त्यांना सर्वांत जास्त. कागदावरचे ग्रंथालय ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे अधिकाऱ्याने अचानक भेट द्यावी. दुसरा मार्ग असा की तिथे महिन्यातून एकदा असे काही व्हावे जे साऱ्या गावाला कळते. दार उघडत नसेल तर खेळ होत नाही, आणि खेळ झाला नाही हे पोरासोरांनाही कळते. इथे एक विनंती मात्र कळकळीची आहे: खेळांची संख्या अनुदानाच्या निकषांत घालू नये. घातली की वर्षाअखेरीस प्रत्येक ग्रंथालय बारा खेळांचे फोटो चिकटवलेला अहवाल देईल, आणि त्यांतल्या सात फोटोंत तेच आठ चेहरे असतील. ज्यांना नको त्यांनी पेटी मागू नये. मागणाऱ्यांनाच द्यावी.

निवड कुणी करायची, हाही नाजूक प्रश्न आहे. शासनमान्य ग्रंथांच्या याद्यांचा अनुभव लक्षात घेता, वरून येणारी निवड आवडीने वाचली जाते असे म्हणणे धाडसाचे होईल. चित्रपटांच्या बाबतीत तर मोह मोठा असतो. सत्तेवर कुणीही असो, एखादा चित्रपट सगळ्या गावांनी पाहावा असे कुणाला तरी वाटणारच. म्हणून राज्याने फक्त यादी ठेवावी, ती वाढवत राहावी, आणि त्यातून काय मागवायचे हे वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने आणि सभासदांनी ठरवावे. अमुक दिवशी अमुक चित्रपट सर्वत्र दाखवावा असे परिपत्रक निघेल त्या दिवशी योजना संपली असे समजावे. मुलांच्या खेळांना सेन्सॉर प्रमाणपत्राचा नियम पाळला की बस. गावात वाद होईल? होईल. पुस्तकांवरूनही होतो.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून भाषेसाठी काय करावे याच्या सूचनांचा ढीग दोन्ही खात्यांकडे साचला असेल. त्या ढिगात ही एक सूचना वरच्या बाजूला ठेवावी, कारण तिच्यासाठी नवी संस्था, नवी इमारत किंवा नवा पुरस्कार लागत नाही. सुरुवात करायला एकच जिल्हा पुरे. त्या जिल्ह्यातल्या तालुका ग्रंथालयांना प्रत्येकी एक संच आणि चार पेट्या द्याव्यात. एक पेटी ‘श्यामची आई’ची, साने गुरुजींचे पुस्तक प्रताधिकारमुक्त आहे, चित्रपटाचीही मुदत संपली आहे, त्यामुळे ही पेटी भरायला वाट पाहावी लागणार नाही. दुसरी ‘बनगरवाडी’, तिसरी ‘जैत रे जैत’, चौथी त्या तालुक्यानेच मागितलेली. वर्षभराने जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी किती लोक आले हे विचारू नये; पेटीतली पुस्तके किती वेळा घरी गेली ते देवघेवीच्या नोंदीवरून पाहावे. तो आकडा खोटा लिहिणे त्यामानाने अवघड आहे, प्रत्येक नोंदीपुढे सभासदाचे नाव आणि सही असते.

आपल्या दोन्ही खात्यांकडून उत्तर आले तर ते वर्तमानपत्राला देण्याऐवजी परिपत्रकाने ग्रंथालयांनाच पाठवावे, अशी विनंती आहे. ते सूचना फलकावर लागेल, आणि सकाळी पेपर मोकळा होईपर्यंत थांबलेले लोक ते उभ्याउभ्या वाचतील.

कळावे.

एक वर्गणीदार वाचक